ईपी फेलोशिप करावी का? (हृदयाच्या ठोक्यांच्या आजारांचं प्रशिक्षण)

वर्धाकाठ

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

मी कार्डिऑलॉजीच्या डीएमच्या शेवटच्या वर्षाला आहे. एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमडी मेडिसिन ३, डीएम ३, मधे प्रवेश परीक्षांच्या तयारीत गेलेला काळ वेगळा आणि सरकारी सेवेचा बाँड अजून समोर उभाच. अशात ईपीची, म्हणजे इलेक्ट्रोफिजिऑलॉजीची फेलोशिप करायची आहे असं घरी बोललो, तर बाबा एवढंच म्हणाले, "म्हणजे अजून शिकणंच का?"

बॅचमधल्या बहुतेकांचं अँजिओप्लास्टीचं ठरलंय आणि त्यांचं गणित काही चुकीचं नाही. हार्ट ॲटॅकचा पेशंट रात्री दोनलाही येतो, कॅथलॅब आता लहान शहरांतही झाल्या आहेत, केस बऱ्याचदा तासाभरात आटोपते. ईपीची अवघड केस अर्धा दिवस खाते, थ्रीडी मॅपिंगचं (हृदयाचा विद्युत नकाशा काढायचं) मशीन कोटीच्या घरात, आणि पेशंटला तर असा काही वेगळा डॉक्टर असतो हेच माहीत नसतं.

मला ओढ लागली ती डब्ल्यूपीडब्ल्यूच्या केसेस बघून. कॉलेजातली पोरं असतात, बसल्याजागी नाडी २०० च्या वर जाते. जन्मतःच हृदयात एक जादा तंतू असतो, त्याचा हा खेळ. कॅथेटरचं टोक बरोबर जागी टेकवून करंट सुरू केला की काही सेकंदांत ईसीजीमधली डेल्टा वेव्ह (त्या तंतूची खूण) निघून जाते. हेच ॲब्लेशन. गोळ्या बंद, आजार बंद. स्टेंट टाकल्यावर आपण पेशंटला "बरे झालात" म्हणत नाही. इथे म्हणता येतं.

प्रश्न तीन. भारतात करावी की बाहेर? फेलोशिपची जागा निवडताना काय बघावं? आणि परत आल्यावर नागपूर-अमरावती पट्ट्यात (गाव यवतमाळकडचं) हे काम खरंच करता येईल का? इथे दोन-तीन डॉक्टर आहेत हे माहीत आहे, पण बाकीच्यांनीही बोलावं.

खवचट_काका

आमच्यासारख्यांना आधी कळेल असं सांगा की राव. डेल्टा म्हणजे आम्हाला कावेरीचा माहीत.

वर्धाकाठ

काका, रक्तवाहिन्या तुंबल्या की बघतो तो प्लंबर आणि वायरिंग बिघडलं की बघतो तो इलेक्ट्रिशियन, असं आमचे सर सांगतात. ईपी म्हणजे दुसरा.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड असतो, तिथून प्रत्येक ठोक्याचा विद्युत इशारा निघतो. तो एव्ही नोडपाशी क्षणभर थांबतो, मग हिसच्या जुडग्यातून खाली दोन्ही जवनिकांत (खालच्या कप्प्यांत) पसरतो. हे समजायला वेळ किती लागला बघा. हिसने आपलं जुडगं १८९३ मध्ये दाखवलं. जर्मनीतल्या मारबुर्गमध्ये काम करणाऱ्या तावारा या जपानी डॉक्टरने एव्ही नोड १९०६ मध्ये मांडला. आणि ठोका जिथून निघतो तो सायनस नोड सापडला सगळ्यात शेवटी, १९०७ मध्ये, कीथ आणि फ्लॅक या ब्रिटिशांना. या वाटेत जादा तंतू असेल, इशारा गोल फिरत राहत असेल, कुठे भलतीकडूनच ठोके सुटत असतील किंवा वाटच बंद पडली असेल, की ती केस ईपीवाल्याची.

तिसरी_घंटा

मी पुण्यात हेच काम करतो, बरीच वर्षं झाली. सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी पोरगा फोनवर विचारतो आणि बहुतेकजण चुकीची गोष्ट विचारतात. "सर, तिथे वर्षाला किती ॲब्लेशन होतात?" आकडा मोठा असला की यांना वाटतं आपण तरलो.

ईपीत हात लागतोच, पण हे शास्त्र मुळात विचार करण्याचं आहे. १९६७ च्या सुमारास ॲम्स्टरडॅममध्ये ड्यूरर यांच्या गटाने दाखवलं की बाहेरून नेमक्या वेळी एखादा ठोका देऊन धडधड सुरू करता येते आणि तशीच बंदही करता येते. १९६९ मध्ये शेरलॅगने मांडीच्या शिरेतून कॅथेटर नेऊन हिसच्या जुडग्याचा सिग्नल नोंदवला. या दोन गोष्टींवर सगळी इमारत उभी आहे. ॲब्लेशन बरंच नंतर आलं. ८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅथेटरमधून चक्क डीसी शॉक द्यायचे, रेडिओफ्रीक्वेन्सी त्या दशकाच्या शेवटाकडे रुळली. म्हणजे जाळायचं कसं हे कळण्याच्या आधी वीसेक वर्षं लोक फक्त ऐकत आणि प्रश्न विचारत होते. त्या काळात तयार झालेली पद्धत आजही फेलोला पहिल्यापासून गिरवावी लागते.

उदाहरण देतो. पेशंटला धडधड सुरू झाली आहे, समजा सायकल (दोन ठोक्यांमधलं अंतर) ३५० मिलिसेकंदांची. कारण दोनपैकी एक: एव्ही नोडमध्येच इशारा गोल फिरतोय (एव्हीएनआरटी), किंवा खालच्या कप्प्यातून वर जाणारा जादा तंतू आहे. ईसीजीवर दोन्ही जवळपास सारखे दिसू शकतात. मग आपण खालच्या कप्प्यातून धडधडीपेक्षा थोड्या जास्त वेगाने पेसिंग करायचं (बाहेरून ठोके द्यायचे), वरच्या कप्प्याला त्या वेगाला आणायचं आणि एकदम थांबायचं. आता बघायचं की पेसिंगच्या जागी पहिला ठोका परत यायला किती वेळ लागला. तो धडधडीच्या सायकलपेक्षा ११५ मिलिसेकंदांहून जास्त निघाला, तर खालचा कप्पा त्या वर्तुळाबाहेर आहे, म्हणजे बहुधा एव्हीएनआरटी. कमी निघाला तर कप्पा वर्तुळातच आहे, तंतू शोधा. सगळं उत्तर एका वजाबाकीत. पण ती वजाबाकी करण्याआधी वरचा कप्पा खरंच आपल्या ताब्यात आला होता का, हे ज्याने तपासलं नाही त्याचं उत्तर साफ चुकतं. साधा ईसीजी २५ मिलिमीटर प्रति सेकंद वेगाने चालतो, आम्ही १०० किंवा त्याहून जास्त वेगाने पसरवून बघतो, एवढ्या बारकाव्याचा मामला आहे.

म्हणून जागा निवडताना हे विचार: स्टिम्युलेटरवर (हे ठोके देणाऱ्या यंत्रावर) कोण बसतं? फेलो बसतो की कंपनीचा इंजिनिअर? मॅप कोण तयार करतं? केस संपल्यावर ट्रेसिंग (सिग्नलच्या नोंदी) घेऊन सर बसतात का, की पुढचा पेशंट टेबलावर? रोज चार ॲब्लेशन होणाऱ्या ठिकाणी कोपऱ्यात उभं राहून एक्स-रेपासून वाचवणाऱ्या लेड ॲप्रनचं ओझं वाहण्यापेक्षा आठवड्यात चार केसेस स्वतः सोडवलेल्या मी केव्हाही पसंत करीन. हे सगळं वेबसाइटवर मिळणार नाही. इंडियन हार्ट रिदम सोसायटीच्या वार्षिक परिषदेला जा आणि तिथल्या सध्याच्या फेलोंना जेवणाच्या रांगेत गाठ. सर समोर नसताना.

पंचगंगा_७१

तिसरी घंटा, माझा प्रश्न पेशंटचा आहे.

विशीपासून मला धडधड व्हायची. एकदम सुरू, एकदम बंद. कुणी गॅस म्हटलं, कुणी टेन्शन. एका डॉक्टरांनी आईला सांगितलं की लग्न झालं की जाईल. लग्न झालं, दोन मुलं झाली, धडधड तिथेच. ईसीजी काढायला पोचेपर्यंत थांबलेली असायची, त्यामुळे कागदावर सगळं नॉर्मल. शेवटी एकदा हॉस्पिटलात पोचले तेव्हाही चालूच होती, नाडी १९०. त्यांनी ॲडेनोसिनचं इंजेक्शन दिलं. ते दोन-चार सेकंद मी कुणालाही सांगू शकणार नाही, संपलंच असं वाटतं. पण थांबली. पुढे ॲब्लेशन झालं, त्यानंतर एकदाही नाही.

तर मुद्दा असा. टेबलावर मी जागीच होते. मोठे डॉक्टर काचेपलीकडून बोलत होते आणि माझ्याजवळ एक तरुण मुलगा उभा होता. आज तुमचं वाचून कळलं की तो फेलो असणार. म्हणजे माझ्यावर तो शिकत होता का? रागाने विचारत नाहीये, पण विचारतेय.

तिसरी_घंटा

ताई, हो, शिकत असणार. लपवण्यात अर्थ नाही.

तुमच्या वर्णनावरून हे बहुधा एव्हीएनआरटी. त्यात जाळायची जागा उजव्या वरच्या कप्प्यातल्या कॉखच्या त्रिकोणाच्या खालच्या भागात असते आणि मूळ एव्ही नोड तिथून फार लांब नसतो. नोडला कायमची इजा झाली तर पेसमेकर लागतो. चांगल्या हातात हा धोका शंभरात एकाहून कमी आहे, पण शून्य नाही. करंट चालू असताना जंक्शनचे (एव्ही नोडच्या भागातून सुटणारे) ठोके यायला लागतात, ते हवेच असतात. त्यांच्यामागोमाग वरचा कप्पा धावतोय का, हे प्रत्येक ठोक्याला बघायचं. एक जरी हुकला तरी करंट तत्क्षणी बंद. काचेपलीकडचे डॉक्टर तेच बघत होते, आणि थांबवायचा अधिकार त्यांच्याकडे होता. फेलोच्या हातात कॅथेटर देणं आणि त्याच्यावर केस सोडून देणं यात फरक आहे. जिथे हा फरक पाळत नाहीत तिथून पेशंटने आणि फेलोनेही लांब राहावं.

आणि तुम्हाला आधीच विचारायचा पूर्ण हक्क होता: केस कोण करणार, तुम्ही खोलीत असणार का? संमतीपत्रावर सही घेताना हे आम्हीच सांगायला हवं. बरेचदा सांगत नाहीत.

पंचगंगा_७१

पटलं. त्या मुलाने माझा हात धरून ठेवला होता, तेही सांगायला हवं.

कॅथलॅबवाला

मी टेक्निशियन. डॉक्टर लोक नळ्या आणि सिग्नल सांगतील, मी पैशाचं सांगतो.

अँजिओप्लास्टीत एक वायर, एक बलून, एक स्टेंट. ईपीत चार-चार कॅथेटर आत असतात, त्यांत मॅपिंगचं घेतलं तर बिल चढतं. म्हणून आपल्याकडे निदानाचे कॅथेटर ईटीओ गॅसने निर्जंतुक करून पुन्हा वापरतात. तसं केलं नाही तर निम्म्या पेशंटना परवडणार नाही. बाहेर शिकून आलेल्या डॉक्टरांना पहिले काही महिने हेच पचत नाही. कॅथेटर वळत नाही, सिग्नलमध्ये घरघर येते, मग आमच्यावर ओरडतात. इथे शिकलेला डॉक्टर आधी कनेक्टर बघतो, अर्थिंग बघतो. वर्धाकाठ, जिथे काम करायचंय तिथल्या सामानावर शिका असं माझं मत.

दुसरं, पाठ सांभाळा. लेड ॲप्रन घालून दिवसदिवस उभं राहायचं म्हणजे चाळिशीत कंबरेचा पट्टा ठरलेला.

टिमहॉर्टन्सवर_वडापाव

कॅनडाची बाजू मांडतो. माझं डीएम भारतात, ईपी इथे.

अमेरिकेचा विचार करत असशील तर आधी समजून घे की तुझं एमडी-डीएम तिथे धरलं जात नाही. इंटर्नल मेडिसिन ३ वर्षं, कार्डिऑलॉजी ३ आणि त्यावर ईपी २, सगळं नव्याने. ईपीची वेगळी बोर्ड परीक्षा तिथे १९९२ पासून आहे, ती पास झालास की तिथेच राहायचं, असा तो रस्ता. गावी परतायचं असेल तर त्या वाटेला जाऊ नकोस.

कॅनडात मात्र डीएम झालेल्यांना क्लिनिकल फेलो म्हणून घेतात, विद्यापीठामार्फत प्रशिक्षणापुरता परवाना मिळतो. तेवढ्यावर पुढे इथे स्वतंत्र प्रॅक्टिस करता येत नाही. ओंटारिओतल्या लंडनमध्ये जॉर्ज क्लाइन यांच्या गटाने डब्ल्यूपीडब्ल्यूवर मोठं काम केलं, जगभरातून फेलो तिथे येत राहिले, आपले भारतीयही. स्टायपेंडची चौकशी आधीच कर, काही जागांना पैसे स्वतः किंवा प्रायोजकाकडून आणावे लागतात. विनावेतन जागा स्वीकारू नये असं माझं स्पष्ट मत आहे. थंडीत भाडं कुणाला चुकत नाही.

शिकायला काय मिळालं? एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांची बेताल थरथर) भरपूर. १९९८ मध्ये बोर्डोच्या हायसागेर यांनी दाखवलं की हे अनेकदा फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी सुरू होतं, तेव्हापासून पाश्चात्त्य ईपी लॅबचा मोठा वेळ त्या शिरा वेगळ्या करण्यातच जातो. दोन वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला भोक पाडून डाव्या कप्प्यात जाणं, हृदयाच्या आतून सोनोग्राफी, हे हाताला पक्कं बसतं. पेसमेकरच्या लीड (तारा) काढण्याचं काम, आनुवंशिक आजारांची क्लिनिक, तेही बघायला मिळतं. पण साध्या एसव्हीटीच्या (एव्हीएनआरटी, जादा तंतू अशा धडधडीच्या) केसेस त्या मानाने कमी. कॅथलॅबवाले म्हणतात त्यात तथ्य आहे.

तिसरी_घंटा

यात भर. आपल्याकडे ईपी लॅबमध्ये मुख्यतः एसव्हीटी येतात. शिवाय संधिवाताच्या तापाने झडपा गेलेल्यांचं फिब्रिलेशन आणि ॲटॅकनंतर वर्षादोन वर्षांनी व्हीटी (खालच्या कप्प्यातून उठणारी धडधड) घेऊन येणारे पेशंट. यांची शिकवणी भारतात उत्तम होते. त्रिवेंद्रमचं श्री चित्रा आणि वेल्लोरचं सीएमसी ही डीएमनंतरच्या ईपी फेलोशिपची जुनी, भक्कम ठिकाणं. हैदराबादला डॉ. सी. नरसिंहन, मुंबईत डॉ. यश लोखंडवाला यांच्याकडे तयार झालेली माणसं देशभर भेटतील. माझा सल्ला: मुख्य फेलोशिप इथे कर आणि मग वाटलंच तर एखाद्या ठरावीक गोष्टीसाठी, व्हीटी किंवा लीड एक्स्ट्रॅक्शन (लीड काढणं), थोडा काळ बाहेर जा.

खवचट_काका

परवा बातमी वाचली की नवीन तंत्र आलंय, पल्स्ड फील्ड का काय ते, जाळणं नाही, गोठवणं नाही. मग हे ११५ वजा-बिजा शिकून करायचं काय? मशीनच करेल की.

तिसरी_घंटा

काका, प्रश्न रास्त आहे. पल्स्ड फील्ड ॲब्लेशनला अमेरिकेत २०२३ च्या डिसेंबरात आणि २०२४ च्या जानेवारीत मंजुऱ्या मिळाल्या, आपल्याकडेही मोठ्या हॉस्पिटलांत सुरू झालं आहे. फार कमी वेळाचे, उच्च दाबाचे विद्युत स्पंद देतात. हृदयाचे स्नायू त्याला लवकर बळी पडतात, मागची अन्ननलिका बरीच सुरक्षित राहते. फिब्रिलेशनच्या कामात हे मोठं पाऊल आहे आणि मी स्वतः वापरतो. पण ते यंत्र निदान सांगत नाही. पंचगंगाताईंची धडधड कुठून येते हे शोधायला स्टिम्युलेटरच लागणार. माझी भीती उलटी आहे. पुढची पिढी शिरा वेगळ्या करण्यात पटाईत होईल आणि समोर साधी एसव्हीटी आली की इंजिनिअरकडे बघेल.

वर्धाकाठ

सर, तिसरा प्रश्न राहिला. परत आल्यावर काय?

तिसरी_घंटा

मुद्दाम शेवटी ठेवला होता. कटू आहे.

मी परत आलो तेव्हा एका हॉस्पिटलने थ्रीडी सिस्टिम घेतो म्हणून रुजू करून घेतलं. रुजू झाल्यावर म्हणाले, आधी अँजिओप्लास्टी करा, व्हॉल्यूम दाखवा, मग बघू. ते "मग" काही आलं नाही, मीच बाहेर पडलो. असं झालेले माझ्या ओळखीत बरेच आहेत. दोन-चार वर्षं ट्रेसिंग बघितलं नाही की हात जातो, त्याआधी नजर जाते. म्हणून रुजू होण्याआधी मशीनचं लेखी घे. रेकॉर्डिंग सिस्टिम आणि स्टिम्युलेटर एवढं तरी पहिल्या दिवसापासून हवं. साध्या एव्हीएनआरटीला थ्रीडी लागतंच असं नाही.

आणि विदर्भात तुझी रोजची भाकरी पेसमेकर असेल, ॲब्लेशन नव्हे. फेलोशिपमध्ये याकडे पोरं नाक मुरडतात, ती चूक. १९५८ मध्ये स्टॉकहोमला आर्ने लार्सन यांना शरीरात पूर्ण बसणारा पहिला पेसमेकर लावला, तो काही तासच चालला. मग एकामागून एक बदलत ते २००१ पर्यंत जगले. ते सगळं कुणीतरी नीट पाहत राहिलं म्हणून. आपल्याकडे पेसमेकर बसवणारे पुष्कळ, तपासणारे कमी. महात्मा फुले योजनेत पेसमेकर बसतो, पण वर्षभराने बॅटरी, लीड, सेटिंग बघायला त्या माणसाला तालुक्यातून पुण्या-मुंबईला यावं लागतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी कुणीतरी "पेसमेकर आहे, आधी पत्र आणा" म्हणतं आणि म्हातारा महिनाभर फिरतो. नागपूर किंवा अमरावतीत आठवड्याला एक डिव्हाइस क्लिनिक लावलंस तरी रांग लागेल.

शिवाय डाव्या बंडलपाशी (हिसच्या जुडग्याच्या डाव्या फांदीपाशी) लीड बसवायची पद्धत शिकून घे. चीनच्या हुआंग यांनी २०१७ मध्ये ती मांडली. नेहमीच्या पेसिंगने काहींचं हृदय काही वर्षांनी कमजोर होतं, यात हृदयाची स्वतःची वाट वापरली जाते. सर्वसाधारण कॅथलॅबमध्ये होते, कोटीचं मशीन लागत नाही. पण लीड पडद्यात किती खोल गेली हे ईसीजीवरून ओळखायला ईपीवाल्याची नजर लागते.

वर्धाकाठ

मनापासून आभार. बाबांना हा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांना फक्त अमरावती ऐकू आलं, खूष आहेत. अर्ज त्रिवेंद्रम आणि वेल्लोर दोन्हीकडे करतो, त्याआधी परिषदेला जाऊन फेलोंना भेटतो. बाँडचं वर्ष आधी की फेलोशिप, हे कॉलेजात विचारतो.

सोनचाफा

उशिरा आले धाग्यावर. माझी मुलगी डीएमच्या पहिल्या वर्षाला आहे, तिच्याही डोक्यात ईपीच आहे. तिला विभागातले लोक सांगतात, "मुलींनी एक्स-रेत उभं राहू नये, मुलं व्हायची आहेत." यात खरं किती?

तिसरी_घंटा

सोनचाफाताई, सांगणाऱ्यांना नियम माहीत नाहीत. आपल्याकडे ॲटॉमिक एनर्जी रेग्युलेटरी बोर्डाने किरणांत काम करणाऱ्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणांच्या डोसाचं माप) ही मर्यादा घातली आहे, कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. गरोदरपण कळवल्यानंतर बाळासाठी उरलेल्या काळात १ मिलिसिव्हर्ट. ॲप्रनच्या आत, पडद्यामागे, नीट काम केलं तर पोटापर्यंत पोचणारा डोस सहसा त्याच्या खूप खाली राहतो. थ्रीडी मॅपिंग असेल तर कित्येक एसव्हीटीच्या केसेस एक्स-रे जवळजवळ न वापरता होतात. तिने फेलोशिपची जागा बघताना हे विचारावंच: इथे एक्स-रेशिवाय किती काम होतं?

दोन गोष्टी करायला सांगा. टीएलडी बॅज (किरणांचा डोस मोजणारा) रोज लावायचा, ड्रॉवरमध्ये ठेवायचा नाही. त्याचा रिपोर्ट दर तिमाहीला येतो, तो स्वतः मागून बघायचा. आणि ॲप्रन स्वतःच्या मापाचा, स्कर्ट-जॅकेट असा दोन भागांचा घ्यायला लावायचा, म्हणजे वजन खांद्यांवरून कमरेवर विभागतं. लॅबमध्ये टांगलेले ॲप्रन बहुतेक सहा फुटी पुरुषांच्या मापाचे असतात, बगलेत फट राहते आणि किरणं तिथूनच आत जातात. हॉस्पिटलने नवीन द्यायला टाळाटाळ केली तर रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला लेखी पत्र द्यायचं, तोंडी नाही.